बुडाचं पाणी

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ असं आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात पालथी घाला, की डासांच्या अळ्या मरतात. ज्यानं हे वाक्य जुळवलं त्याच्या घरी नळ सोडला की पाणी येत असणार. सोलापुरात आमच्या पत्रेवाल्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही पहाटे तासभर. मधले चार दिवस नळच कोरडा. आता ह्यातला कुठला दिवस आम्ही पाळायचा आणि कुठला सरकारनं, ते एकदा कुणीतरी सांगावं.

मी रुक्साना. बारा वर्षं आशाताई आहे. गरोदर बायका, पोरांच्या लसी, क्षयाच्या गोळ्या हे तर आहेच, वर दर मंगळवारी बॅटरी घेऊन घरोघरी टिपाडात डोकवायचं. टिपाड म्हणजे पाण्याचं निळं पिंप, आमच्याकडे घरटी दोन-तीन असतातच. पाण्यावर उजेड पडला की अळ्या वळवळत तळाला पळतात. दिसल्या तर वहीत त्या घरापुढं ‘दूषित’ या रकान्यात एक लिहायचा, नाही दिसल्या तर शून्य. मग दाराशेजारी भिंतीवर गेरूनं तारीख आणि सही. पाणी किती दिवसांनी आलं, याला वहीत रकाना नाही. बारा वर्षांत वही तीनदा बदलली, कागद गुळगुळीत झाला, वर डासाचं रंगीत चित्र आलं. तो रकाना काही आला नाही.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. टिपाडाचं बूड कोरडं करायचं नाही. नळ यायच्या आदल्या दिवशीसुद्धा तळाला वीतभर पाणी ठेवायचं, आणि नवं पाणी त्याच्यावरच भरायचं. कारण पाचव्या दिवशी पाणी येईलच, असं कुणी लिहून दिलेलं नाही. कधी मोटार जळते, कधी पाइप फुटतो, कधी काहीच कारण नसतं. कुणाच्या घरी मयत झाली, कुणी बाळंत झालं, तर हे बुडाचं पाणीच अडीनडीला येतं. लग्न होऊन आलेल्या पोरीला सासू आधी हे शिकवते, मग स्वयंपाकघर दाखवते. आणि अळीला तरी आणखी काय लागतं? वीतभर जुनं पाणी आणि आठ दिवस. आम्ही अळ्या वाढवतो ते काही हौसेनं नाही.

आधी मी खरं लिहायची. तीन उन्हाळ्यांमागं एका मंगळवारी मी एकोणीस घरांपुढं एक लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची माणसं आली आणि त्या एकोणीस घरांतली टिपाडं दारात ओढून त्यांनी पालथी घातली. नळ जाऊन चौथा दिवस होता. आमच्या शेजारची जोया बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. बाळाला छातीशी धरून ती उंबऱ्यात उभी होती, आणि तिचं पाणी तिच्याच पायांवरून गटारात गेलं. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलली ती समोरची म्हाळसामावशी. ही मूळची मंगळवेढ्याकडच्या माळावरची, धनगराच्या घरची. मेंढरं संपली तेव्हा दोन शेळ्या घेऊन मुलाकडं शहरात आली. मुलगा-सून कारखान्यात टॉवेल विणायला जातात, घरात ती, शेळ्या आणि तिसरीतली नात आरोही.

“पाणी वततायसा व्हय रं?” ती त्या माणसांच्या अंगावर धावून गेली. “वीत वीत राखून चार रोज काडलं आमी. तुमच्या घरात असं वतलं असतं का?”

त्या माणसांनी कागद दाखवला. कागदावर माझी सही होती. मावशीनं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेली. स्वतःच्या टिपाडातलं बुडाचं पाणी तिनं घागरीत काढलं आणि जोयाच्या दारात नेऊन ठेवलं. दुसरी घागर माझ्या दारात. माझंही घर त्या एकोणिसांतच होतं.

त्यानंतर मी एक लिहिणं सोडलं. पण नुसतंच शून्य मांडून मोकळी झाले नाही. जुनी सुती ओढणी चार पदरी करून मी बादलीच्या तोंडाला बांधायची आणि बुडाचं पाणी तिच्यातून गाळायची. अळ्या ओढणीवर राहतात, त्या रस्त्यावर उन्हात झटकायच्या. टिपाड आतून काथ्यानं घासायचं, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात. मग पाणी परत आत. मंगळवारचं काम बुधवारी संध्याकाळी संपायचं. कंबर मोडायची. पण पाणी वाया जायचं नाही आणि अळीही राहायची नाही. गाळून झाल्यावर मी शून्य लिहायची, म्हणून मला ते कधी खोटं वाटलं नाही.

खोटं मी गेल्या श्रावणात लिहिलं. घोटा मुरगळला होता, जमिनीला पाय टेकवत नव्हता. दोन मंगळवार मी खाटेवर बसून बेचाळीस घरांपुढं बेचाळीस शून्यं काढली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर दुसरं कुणी येणार, एक लिहिणार, आणि पुन्हा टिपाडं पालथी होणार. बायकांना तरी ‘आपापलं गाळून घ्या गं’ म्हणायचं होतं. तेही सुचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात आरोहीला ताप भरला. डेंगू. नऊ दिवस पोरगी दवाखान्यात होती. प्लेटलेट इतक्या खाली गेल्या की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वाचली. परत आली तेव्हा तिची जाड वेणी माझ्या करंगळीएवढी उरली होती. म्हाळसामावशीनं त्या आनंदात गल्लीला गूळ वाटला. मलाही दिला, आणि मी तो खाल्ला.

हे सगळं पोटात असताना नवा कायदा आला. कायदा नव्हे, मसुदा. राज्याचे आरोग्याचे जुने कायदे बदलून एकच नवा आणायचा आहे आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवल्यात, असं आमचे पर्यवेक्षक सिद्धाराम सर म्हणाले. त्यांनी आम्हाला कलम सत्तावीस वाचून दाखवलं. ज्या घरात डासांच्या अळ्या सापडतील त्या घराला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा नळजोड बंद.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “सर, पाणी साठवलं म्हणून पाणी तोडणार?”

“मसुदा आहे हो ताई.”

“आणि पाणी पाचव्या दिवशी सोडणाऱ्याला कुठलं कलम?”

“तो विषय पाणीपुरवठ्याचा. हा आरोग्याचा आहे.”

म्हणजे पाणी आणि आरोग्य ही दोन वेगवेगळी खाती. त्यांची गाठ पडते ती फक्त आमच्या टिपाडात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सरांनी पुढचं कलम जरा भराभरा वाचलं. सर्वेक्षणात खोटी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून कमी करणार. मग मसुदा मिटून ते माझ्याकडं बघून हसले.

“तुम्हाला काय चिंता? तुमची गल्ली तीन वर्षं शून्य. मुंबईहून साहेब सुनावणीला येतायत. त्यांच्यापुढं तुमचा सत्कार ठेवलाय. लोकांनी मनावर घेतलं तर अळी राहत नाही, हे दाखवायला आपल्याकडं दुसरं उदाहरणच नाही.”

माझी शून्यं आमच्याच बायकांचे नळ तोडायला निघाली होती.

घरी हारूनला सांगितलं. माझा नवरा टेम्पो चालवतो, स्वभावानं थंड. तो म्हणाला, “शाल लेके आ और चुप बैठ. हात दाखवून अवलक्षण कशाला?” खरं सांगू? मी तेच ठरवलं होतं. बारा वर्षांचं काम, घर त्याच्यावर निम्मं चालतं, आणि आरोहीचं ते वेगळंच. शाल घ्यायची, मान खाली घालायची, घरी यायचं. मी एवढी काही शूर बाई नाही.

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती, सकाळी अकराला. व्यासपीठावर साहेब, शेजारी सिद्धाराम सर, कडेला हरकती लिहून घेणारा कारकून. आमच्या गल्लीतल्या नऊ बायका आल्या होत्या. सरांनीच मला त्यांना आणायला सांगितलं होतं, टाळ्यांसाठी. म्हाळसामावशी मात्र हरकत घ्यायला आली होती. नाव पुकारल्यावर तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

“सायेब, नळ तोडणार म्हंतायसा. तोडा की. न्हाईतरी त्यातनं वारंच येतंय.” सभागृह हसलं. ती हसली नाही. “आदी रोज पाणी सोडा, मग अळ्या मोजाय या. आमाला काय हौस हाय व्हय शिळं पाणी राकायची?”

साहेब चांगले होते, म्हणजे आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी पडद्यावर तक्ता लावला. पत्रेवाली गल्ली, घरं बेचाळीस, दूषित शून्य. छत्तीस महिने, शून्य, शून्य, शून्य. माझं अक्षर छापून एवढं मोठं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आजी, हे तुमच्याच गल्लीचे आकडे. पाणी पाचव्या दिवशी येऊनही एक अळी नाही. म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. तुम्ही तर कायद्याच्या आधीच कायदा पाळताय. मग भीती कसली?”

“अळी न्हाय? मग माज्या नातीला डेंगू कशानं झाला?”

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सर वाकून काहीतरी कुजबुजले. साहेब म्हणाले, “त्या रुग्णाची नोंद बाहेरगावच्या संसर्गाची आहे. म्हणूनच तुमच्याकडं फवारणी लागली नाही. मुलगी तेव्हा गावाला गेली असेल.”

“कुटं गावाला? दोन वर्सं झाली, पोरीनं मंगळवेड्याची यष्टी बगितली न्हाय!” मावशीचा आवाज फाटला. मग ती मागं वळली आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. “रुक्साना, तू सांग की गं ह्यास्नी. तू दर मंगळवारी येतीस की आमच्यात.”

त्या बाईला माझ्यावर एवढा विश्वास होता. मांडीवर पर्स, पर्समध्ये वही, आणि व्यासपीठावर माझ्या नावाची शाल घडी करून ठेवलेली. मी उठले. घोटा अजून दुखत होता. माईकपर्यंत पोचेस्तोवर माझा संताप संताप झाला होता. साहेबांवर, सरांवर, त्या गुळगुळीत वहीवर, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर.

“ती शून्यं माझी आहेत,” मी म्हणाले. “आणि ती खोटी आहेत.”

सर अर्धवट उठले. “रुक्सानाताई, तुम्ही आधी बसा.”

“बारा वर्षं उभीच आहे सर, आता बसत नाही. साहेब, अळी दर आठवड्याला सापडते. वीस घरांत, कधी तीस. मी एक लिहिला तर तुमची माणसं पाणी ओततात. सहा दिवसांच्या बाळंतिणीचं ओतलं. म्हणून मी माझ्या ओढणीनं पाणी गाळते आणि शून्य लिहिते. ती सवय लोकांची नाही, माझ्या कंबरेची आहे. माझी कंबर कायद्यात घालणार आहात का?” इथंच थांबता आलं असतं. “आणि श्रावणात दोन मंगळवार मी गेलेच नाही. पाय मुरगळला होता. घरात बसून शून्यं लिहिली. तेव्हा न गाळलेल्या टिपाडातल्या डासानं आरोहीला डेंगू झाला असणार. ती कुठल्याही गावाला गेली नव्हती. माझं शून्य बघून तुम्ही तिला गावाला पाठवलंत.”

मी मावशीकडं बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. “म्हणजे खोटी माहिती दिल्याचं तुम्ही कबूल करता?”

“करते. आता पाण्याचं तुम्ही कबूल करा.”

त्यांनी चष्मा परत घातला. कारकुनाला म्हणाले, “नोंद घ्या.” कारकुनानं लिहिलं आणि नियमाप्रमाणं वाचून दाखवलं. “सोलापूर येथील एका आशा कार्यकर्तीने खोटे आकडे दिल्याचे मान्य केले. सबब, खोट्या माहितीबद्दलची शिक्षा अधिक कडक करावी, अशी सूचना प्राप्त झाली.” मग कागद माझ्यापुढं सरकवला. “इथं सही करा.”

मला आधी हसूच आलं. बोललेलं सगळं कागदावरून गेलं, पाणी गेलं, बाळंतीण गेली, पोरगी गेली. शिल्लक काय, तर मीच मला फाशी मागितली. दुष्काळात तेरावा महिना! हसू गेलं आणि डोकं असं तापलं की कानात आवाज यायला लागला. मी त्याचं पेन घेतलं. त्याचं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली रकाने आखले. बारा वर्षं आखलेले रकाने, डोळे मिटूनही आखेन. गल्ली, घरं, दूषित. दूषितखाली आदल्या मंगळवारचा खरा आकडा लिहिला, एकतीस. त्यातलं पहिलं घर माझं, असंही लिहिलं. आणि शेवटी वहीत नसलेला एक रकाना काढला, नळाला पाणी किती दिवसांनी. त्याखाली लिहिलं, पाच.

“अहो बाई, सरकारी कागदात असा रकाना वाढवता येत नाही,” कारकून म्हणाला.

“कलम वाढवता येतं, रकाना वाढवता येत नाही होय?”

सिद्धाराम सर खाली आले होते. त्यांचा चेहरा उतरला होता, मला त्यांचीही थोडी कीव आली. त्यांनी हात पुढं केला. “ओळखपत्र द्या, ताई. माझा इलाज नाही.” मी गळ्यातलं कार्ड काढून दिलं. त्यांनी वही पण मागितली. ती मात्र दिली नाही.

तेवढ्यात म्हाळसामावशी टेबलापाशी आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसावीच. ती माझ्याकडं न बघता त्या कागदाकडं बघत राहिली.

“दोन मंगळवार,” ती म्हणाली. “मला सांगायचं व्हतंस. मी गाळलं असतं की. माजं हात काय मोडलं व्हतं?”

मी रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. “गूळ बी खाल्लास,” एवढंच म्हणाली. मग तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि माझ्या पाचाशेजारी दाबून उठवला. तिच्यामागं जोया आली. मग बाकीच्या. साहेब घड्याळाकडं बघत होते. कागद फाइलीत गेला. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही आणि मला कुणी सांगणारही नाही.

परत येताना मावशी माझ्या रिक्षात बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं, पाचवा दिवस होता. पहाटे सगळी गल्ली घागरी घेऊन नळापाशी उभी राहिली. नळानं दोनदा फुसफुस केलं आणि गप्प झाला. सूर्य वर आला तरी पाणी नाही. बायका एकेक करून आत गेल्या आणि टिपाडांची झाकणं वाजायला लागली. जिचं तिचं बुडाचं पाणी.

मी गेरूची वाटी आणि ब्रश घेतला. आता मी कुणाची आशाताई नव्हते, भिंतीवर तारीख घालायचा मला अधिकार नव्हता. मी तारीख घातलीच नाही. पहिल्या घराच्या दाराशेजारी, जिथं माझी सही असायची तिथं, एक आकडा काढला. सहा. कारण आता उद्या आलं तरच आलं. दुसऱ्या घरी सहा, तिसऱ्या घरी सहा. कुणी विचारलं नाही की हे काय. जोयानं स्वतः भिंत पुसून जागा करून दिली.

म्हाळसामावशीच्या दारात येऊन मी थांबले. आत तिनं जुन्या लुगड्याचा धडपा चार पदरी करून बादलीला बांधला होता आणि तांब्यातांब्यानं पाणी गाळत होती. आरोही शेजारी बॅटरी धरून उभी होती आणि अळ्या मोजत होती. मावशीनं मान वर केली, माझ्या हातातला गेरू पाहिला. मी मान खाली घातली.

“बारीक नगं काडू,” ती म्हणाली. “मोटं काड. रस्त्यावनं दिसाय पायजे.”